सोप्यातला प्लग

ही हकीकत घडलेली आहे. पटायची की नाही ते तुमच्यावर. ज्याच्यावर ती बेतली तो युवराज माझा मावसभाऊ, आणि तिखटमीठ लावून सांगण्यातला तो नाही. उलट विषय काढला की उठून जातो. मला हे सगळं तुकड्यातुकड्यानं कळलं. थोडं त्याच्याकडून, थोडं त्याच्या बहिणीकडून.

गाव येळ्ळूर. बेळगावला लागूनच. गेल्या वर्षी भाताची सुगी आटोपली होती, तेव्हाची गोष्ट.

भुताच्या गोष्टीत रात्र लागते म्हणतात. इथं रात्र नाही.

भर दुपार, घराचा सोपा, आणि चार्ज न होणारा एक लॅपटॉप. एवढंच.

युवराज बेळगावातल्या एका कंपनीत कामाला आहे. कुणाचा कॉम्प्युटर सुरू होत नाही, कुणाचा प्रिंटर अडतो, असल्या तक्रारींचे फोन त्याला दिवसभर येतात आणि तो जागेवर बसून त्या सोडवतो. "वायर नीट खोचलीय का बघा, एकदा बंद करून चालू करा," हे तो झोपेतसुद्धा बोलतो, असं त्याची थोरली बहीण मंगलआक्का चिडवते. ती टिळकवाडीत राहते, शाळेत शिकवते.

युवराजचे वडील भावकूआप्पा श्रावणात गेले. घराच्या पुढच्या खोलीत, म्हणजे सोप्यात, भिंतीकडच्या खाटेवरच गेले. मागे घरात राहिली आई, बाळाबाई. तिच्या छातीत दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलेला. डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत ते छोटं यंत्र हाताला लागायचं. तिचं हृदय त्याच्यावरच चालत होतं. अशा बाईला एकटं कसं ठेवणार? युवराजनं कंपनीत हातापाया पडून घरून काम करायची परवानगी मिळवली. लग्न झालेलं नव्हतं, आईशिवाय घरात कुणी नव्हतं, आणि तिला काही होऊ द्यायचं नाही एवढंच त्यानं धरलं होतं.

मोबाईलची रेंज फक्त सोप्यात यायची. म्हणून त्यानं टेबल तिथं लावलं. आप्पांची खाट रीतीप्रमाणे देऊन टाकली होती, ती जागा मोकळीच होती. भिंतीत प्लगही होता. बापाची जागा, त्यात कसली भीती?

पहिल्या दिवशी त्यानं चार्जर लावला. लॅपटॉपच्या कडेची लाईट लागली. चार्जिंग चालू आहे असं पडद्यावर आलं.

दुपारी त्याचं सहज लक्ष गेलं. बॅटरी निम्म्यावर होती.

सकाळी तर भरलेली होती.

त्यानं प्लग दाबून बसवला, पुन्हा कामाला लागला. थोड्या वेळानं पाहिलं तर आकडा अजून खाली. चार्जिंगची खूण तशीच होती. लाईट तशीच होती.

आणि आकडा उतरतच होता...

संध्याकाळी बोलता बोलता लॅपटॉप बंद पडला. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राहिला.

आता लोकांना दिवसभर उपाय सांगणारा माणूस, तो काय हार मानतोय? जे जे दुसऱ्यांना सांगायचा ते सगळं त्यानं केलं. चार्जर काढून बटण दाबून धरलं. आतला बॅटरीचा प्रोग्रॅम काढून परत घातला. वायर बदलली. प्लगला टेस्टर लावला, करंट व्यवस्थित. त्याच प्लगवर आईची इस्त्री लावून पाहिली, ती चांगली तापली.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन टिळकवाडीत गेला. दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ सौरव नावाच्या त्याच्या मित्राचं दुरुस्तीचं दुकान आहे. सौरवनं लॅपटॉप लावला आणि दोघं चहाला गेले. परत येईपर्यंत निम्म्याच्या वर भरला होता.

"काय झालेलं न्हाय रं ह्येला," सौरव म्हणाला. "लोकांची दुरुस्ती करतोस आणि सोताच्या घरचा प्लग बघत न्हाईस व्हय?"

युवराजनं तरी नवा चार्जर घेतला. वायरमन बोलावून सोप्यातला बोर्ड बदलून घेतला. नवा बोर्ड, नवी वायर, नवा चार्जर.

लॅपटॉप लावला.

आणि आकडा खाली यायला लागला...

आई उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "घड्याळ बी असंच करतंय की."

"कुठलं घड्याळ?"

"हेच, भिंतीवरचं. सेल घातलं की दोन दिस चालतंय, परत बंद. टीव्हीच्या रिमोटचं, मोबाईलचं पण तसंच. तुझ्या आप्पाची बॅटरी तर कवाचीच गेली."

बॅटरी म्हणजे आप्पांचा टॉर्च. त्यांना शेवटी शेवटी दिसायचं कमी झालं होतं आणि अंधाराची भीती बसली होती. दिवसाढवळ्याही तो टॉर्च उशाशी लागायचा. युवराजनं फळीवरून टॉर्च काढला, नवे सेल घातले, बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. तो टॉर्च त्यानं प्लगच्या खाली जमिनीवर ठेवला आणि बघत बसला.

उजेड पिवळा झाला. मग तांबूस.

मग गेला.

आणि त्या क्षणी त्याला वास आला... दिवा फुंकर मारून विझवल्यावर वातीचा येतो, तो.

घरात दिवा लागलेलाच नव्हता.

पंखा फिरत होता, ट्यूब लागत होती, टीव्ही चालत होता. तारेतून येणाऱ्या विजेला काहीच होत नव्हतं. संपत होतं ते फक्त साठवून ठेवलेलं. त्याच्या डोक्यानं याचा अर्थ लावायचा खूप प्रयत्न केला, पण असला बिघाड त्यानं कधी ऐकला नव्हता. हसू येईल, पण त्यानं कंपनीच्याच मदत क्रमांकावर स्वतःच्या नावानं तक्रार नोंदवली. पलीकडून उत्तर आलं, एकदा बंद करून चालू करा.

त्यानंतरच्या मंगळवारी दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट जाणार होती. युवराजनं लॅपटॉप आतल्या खोलीत पूर्ण भरून घेतला आणि सोप्यात येऊन बसला. गावात यात्रेच्या तयारीचा भोंगा जनरेटरवर चालू होता, आवाज येऊ नये म्हणून त्यानं दार लावलं, खिडक्या ओढून घेतल्या. आई आत पडली होती. लॅपटॉप भिंतीकडं होता, चार्जर प्लगमध्ये. लाईटच नाही तर चार्जर काढायचं कशाला सुचणार?

आकडा झपाझप उतरायला लागला.

बाहेरचा भोंगा अचानक थांबला. म्हणजे थांबलाच असं नाही, पण त्याला ऐकू येईना. पंख्याची, फ्रिजची घरघर तर आधीच बंद होती. सगळं घर गप्प झालं.

आणि भिंतीवर उजेड आला...

प्लगच्या थोडा खाली. माणूस जमिनीवर दिवा ठेवतो, तेवढ्या उंचीवर. दिवा नव्हता. नुसता उजेड होता, पिवळा, हलणारा. त्या उजेडानं सोप्यातल्या वस्तूंच्या सावल्या जमिनीवर पडल्या. टेबलाची पडली. खुर्चीची पडली. त्याची स्वतःची पडली.

आणि शेजारी चार पायांची, लांबलचक, अजून एक सावली पडली...

खाटेची.

खाट त्या घरात नव्हती. ती आप्पांच्या बाराव्यालाच गेली होती.

युवराज हलला नाही. हलताच येईना. खाटेच्या सावलीच्या कडेला त्याला अजून काहीतरी दिसलं. खाटेवर बसलेल्या माणसाचे खाली सोडलेले असावेत, असे दोन पाय.

लॅपटॉप बंद झाला. उजेड गेला. भोंगा पुन्हा ऐकू आला.

"दिसलं न्हवं?"

आई आतल्या दारात उभी होती.

"मला रोज दिसतंय," ती म्हणाली. "भ्यायचं कशाला? तुझा बापच हाय."

मग तिनं जे सांगितलं, त्यात चूक युवराजची होती. माणूस जिथं गेला त्या जागी बारा दिवस तेलाचा दिवा तेवत ठेवायची आपल्याकडं रीत आहे. तो विझू द्यायचा नसतो. बाराव्या दिवशी तोच दिवा जागेवरून उचलून नेऊन पाण्यात सोडायचा. आप्पांच्या वेळी पहिल्याच दिवशी मांजरानं दिवा पाडला आणि त्यावर झाकायची बुट्टी, म्हणजे टोपली, जळाली. सोप्याच्या माळ्यावर तेव्हा गवत होतं. युवराज घाबरला. त्यानं बाजारातून वातीसारखा लुकलुकणारा विजेचा दिवा आणून त्या प्लगवर लावला. सगळ्यांना बरं वाटलं. तेल घालायला नको, राखण करायला नको. बाराव्याला पाण्यात नुसती फुलं सोडली आणि दिव्याचं बटण बंद केलं.

"बटण बंद केलास आणि गुंडाळून ठेवलास," आई म्हणाली. "त्यास्नी वाट कुणी दावली? तवापास्नं अंधारात बसून हाईत रं ते. जे मिळंल ते जाळूलेत."

"आई, काहीतरी बोलू नको."

"बरं, न्हाई बोलत."

युवराजनं त्याच आठवड्यात केबलवाल्याकडून आतल्या खोलीपर्यंत इंटरनेट घेतलं. टेबल उचललं, आत नेलं. घड्याळ उतरवलं. रिमोट, टॉर्च, मोबाईल, सगळं आत. सोप्यात सेल म्हणून शिल्लक ठेवला नाही.

आतल्या प्लगवर लॅपटॉप लावला. दुपारपर्यंत शंभर टक्के भरला. कडेची लाईट पांढरी झाली.

सुटला प्रश्न, तो स्वतःशीच म्हणाला. सौरवला फोन करून सांगितलंसुद्धा. कारण मात्र सांगितलं नाही.

आई नेहमीसारखी सोप्यात बसून होती.

संध्याकाळी तिला भोवळ आली.

उठायला गेली आणि भिंत धरून खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. युवराजनं मनगट धरलं. ठोका लागत होता, पण दोन ठोक्यांच्या मध्ये इतका वेळ जात होता की प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, आता पुढचा येत नाही.

रिक्षात घालून त्यानं तिला बेळगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या छातीवर मशीन धरून पेसमेकर तपासला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा बसवून दोनच वर्षं झाली ना?"

"व्हय."

"बॅटरी संपत आलीय. एवढ्यात संपायला नको होती. असं होत नाही सहसा." त्यांनी पुन्हा मशीन धरलं, पुन्हा तेच आलं. "बदलायला लागेल. नवं मागवतो, पुढच्या सोमवारी बसवू. तोपर्यंत विश्रांती. घाबरू नका, तेवढी चालेल."

युवराजला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्याच्या डोक्यात एकच घुमत होतं. सोप्यातून सगळं काढलं होतं. घड्याळ काढलं, रिमोट काढला, टॉर्च काढला, लॅपटॉप काढला.

आई ठेवली होती.

इतके दिवस तो लॅपटॉप रडतखडत का होईना, मध्ये उभा होता. बिघाड म्हणून ज्याच्याशी तो झगडत होता, त्यानंच आईला राखलं होतं. आणि यानं मोठ्या हुशारीनं तो दूर केला.

दवाखान्यातून तो आईला परस्पर टिळकवाडीत मंगलआक्काकडं घेऊन गेला. येळ्ळूरला आता न्यायचंच नाही, असं त्यानं ठरवलं. आक्काला सगळं सांगितलं. ती शिकलेली बाई, पण हसली नाही. तिनं फक्त देवापुढं दिवा लावला.

आई तिथं एक रात्र राहिली. जेवली नाही. सकाळी आक्का शाळेला गेली, युवराज अंघोळीला गेला, आणि आई पिशवी उचलून बसनं येळ्ळूरला परतली. युवराज मागोमाग गाडीवरून पोचला, तेव्हा ती सोप्यात त्याच जागी बसली होती.

"मला तिकडं ठेवायचं नाव काढू नको," ती म्हणाली. "जलमभर ह्या माणसानं मला एकटं टाकलं न्हाई. आता मी टाकू व्हय?"

"आणि तुला काय झालं तर? मी काय करू?" युवराज ओरडला. ओरडता ओरडताच त्याला रडू फुटलं. आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण जागची उठली नाही.

भावकीतले भरमाअण्णा शेजारीच राहतात. त्यांना विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, "चुकलंय खरं. तेलाचा दिवा लावून वाटंला लावायला पायजे. पण ह्ये कवाबी करायचं काम न्हवं. अवसेला करू. रविवारी अवस हाय."

म्हणजे रविवारी दिवा, सोमवारी नवं यंत्र. तेवढे दिवस काढायचे होते.

युवराजनं आक्काच्या मुलीचा जुना लॅपटॉप आणला. आता दोन झाले. एक आतल्या खोलीत भरायला लावायचा, दुसरा सोप्यातल्या प्लगवर. सोप्यातला संपत आला की आतला भरलेला आणून तिथं ठेवायचा. मध्ये क्षणाचीही फट पडू द्यायची नाही. तो काम सोप्यातच करायला लागला. फोनवर कुणाची तरी तक्रार ऐकायची, तोंडानं उपाय सांगायचा, एक डोळा आकड्यावर, एक आईवर. रात्री गजर लावून उठायचा.

आईचा चेहरा उजळला. ठोका नीट लागायला लागला. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

एकदा ती त्याची पळापळ बघत बसली होती. म्हणाली, "किती वडाताण करून घेतोस रं. तुझ्या पोटापाण्याचं हाय ते. त्यातनं कशाला घ्यायचं त्यास्नी?"

"मग कशातनं घेऊ दे?"

आईचा हात डाव्या खांद्याखाली गेला. युवराजला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

शुक्रवारी कंपनीत बोलावणं आलं. पुण्याचे मोठे साहेब येणार होते, सगळ्यांनी आपापला लॅपटॉप घेऊन हजर राहायचं होतं. त्यानं खूप टाळून पाहिलं. मॅनेजर म्हणाला, आज आला नाहीस तर घरून कामाची सवलत बंद. ती बंद झाली असती तर आई रोजच एकटी पडली असती. युवराजनं हिशेब केला. जुना लॅपटॉप काठोकाठ भरून सोप्यात लावला तर दुपारपर्यंत पुरेल. शाळा अर्धा दिवस करून तोवर मंगलआक्का येऊन बसेल.

"आई, ह्याला हात लावायचा न्हाई," त्यानं दोनदा बजावलं.

"न्हाई लावत. जा तू."

साहेबांचं भाषण चालू होतं. युवराजचा मोबाईल थरथरला. आईचा फोन. तो उठून बाहेर पळाला.

"कामात हाईस काय रं?" आईचा आवाज मोकळा होता, कधी नव्हे इतका.

"काय झालं आई?"

"काय न्हाई. तुझा त्यो दुसरा लॅपटॉप आत नेऊन लावला मी. लई उतरलाता बघ. आता भरूलाय. कशी छान लाईट लागलीय."

युवराज फोन कानाला लावूनच गाडीकडं पळाला.

"आई, बाहेर आण तो. आत्ताच्या आत्ता! सोप्यात लाव!"

"असू दे रं. किती दिस तुझ्यातनं द्यायचं? माझं हाय की. मला आता काय करायचंय त्येचं?"

"आई, तू आधी बाहेर जा! भरमाअण्णाच्यात जाऊन बस! आई!"

पलीकडं ती कुणाशी तरी बोलत होती. फोन बाजूला धरून, हळू आवाजात. शब्द कळत नव्हते. मधूनच ती हसली.

आणि मागं आवाज आला... करकर.

जुन्या खाटेवर दुसरं माणूस येऊन टेकलं की सुंभाची वीण करकरते, तसा.

"बस म्हणूलेत," आई म्हणाली.

फोन बंद झाला. त्यानं परत लावला. स्विच ऑफ. भरमाअण्णांना लावला, ते रानात होते, पळतच निघाले. युवराजनं गाडी कशी चालवली ते त्याला आजही आठवत नाही.

त्याच्या आधी मंगलआक्का पोचली होती. तिचं ओरडणं त्याला रस्त्यावरूनच ऐकू आलं.

बाळाबाई सोप्यात जमिनीवर बसली होती. पाठ भिंतीला, पदर डोक्यावरून नीट घेतलेला, मोबाईल मांडीत. चेहऱ्यावर ना भीती, ना दुखल्याची खूण. तिच्या शेजारी जागा मोकळी होती. माणूस बसेल एवढी.

सोप्यात वातीचा वास भरून राहिला होता.

आत लॅपटॉप पूर्ण भरला होता.

पेसमेकर असलेल्या माणसाचं दहन करायच्या आधी ते यंत्र काढावं लागतं, नाहीतर ते आगीत फुटतं. म्हणून तिला दवाखान्यात नेलं. थोड्या वेळानं डॉक्टरांनी युवराजला बोलावलं. काढलेलं यंत्र त्यांच्यासमोर होतं.

"तुम्हाला काय सांगावं कळत नाही," ते म्हणाले. "याची बॅटरी चांगली आहे. जवळजवळ नवी. आठ-दहा वर्षं सहज चालली असती."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी मशीननं चुकीचं दाखवलं असेल." एवढं बोलून त्यांनी ते यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून युवराजच्या हातात दिलं. मशीन तेच होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

या वेळी युवराजनं तेलाचे दिवे लावले. एक आईसाठी, एक आप्पांसाठी. बारा दिवस तो आणि आक्का आळीपाळीनं दिव्यांपाशी बसून राहिले. बाराव्या दिवशी भरमाअण्णांनी दोन्ही दिवे तेवते उचलले आणि पाण्यात सोडले. ते यंत्रही सोडून दे म्हणाले. युवराजनं खिशातून काढलं, हातात धरलं, आणि परत खिशात ठेवलं. आईच्या छातीत होतं ते. पाण्यात टाकायला त्याचा हात होईना.

त्यानंतर सोप्यात सगळं सुरळीत झालं. घड्याळ चालतं. रिमोट चालतो. त्या प्लगवर लॅपटॉप शंभर टक्के भरतो. घरी आलेल्या माणसांना वाटतं, बरं झालं, सुटले सगळे.

युवराजलाही तसंच वाटायचं. गेल्या महिन्यापर्यंत.

गेल्या महिन्यात दवाखान्यातून फोन आला. जुनं यंत्र कंपनीला तपासायला पाठवायचं असतं, म्हणाले, असेल तर आणून द्या. कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत पडलेलं यंत्र तो घेऊन गेला. डॉक्टरांनी त्यावर मशीन धरलं. मग मशीन एकदा बंद करून चालू केलं आणि पुन्हा धरलं.

"हे मधल्या काळात कुणाला लावलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. कपाटात होतं."

"नक्की?"

"कुलूप होतं डॉक्टर. काय झालं?"

डॉक्टरांनी पडदा त्याच्याकडं वळवला. यंत्र छातीत असताना हृदयाचे ठोके टिपून ठेवतं. बाळाबाई गेली त्या शुक्रवारी ठोके थांबले होते. पुढं सरळ रेघ.

आणि बारावं झालं त्याच दिवसापासून पुन्हा ठोके...

रोज. दुपारचे. संथ, नियमित, माणूस निवांत बसलेला असावा तसे.

डॉक्टर म्हणाले, जवळपास कुठल्यातरी विजेच्या वस्तूची गडबड टिपली गेली असेल. असं होऊ शकतं. युवराजनं मान हलवली. यंत्र मात्र तिथं ठेवलं नाही, घरी घेऊन आला. फेकवत नाही, पुरून टाकवत नाही, कुणाच्या हातातही देववत नाही. पाण्यात सोडलं असतं तर ती दोघं गेली असती की काय, हे त्याला कुणी सांगू शकत नाही, आणि आता सोडलं तर आई कुठं जाईल, हेही.

मी मागच्या रविवारी येळ्ळूरला गेलो होतो. जेवण झालं, मी सोप्यात जरा आडवा व्हायला निघालो. युवराजनं माझा हात धरला.

"दुपारचं तिकडं नको," तो म्हणाला. "आई बसलेली असतीय."